बंद ६.४०, चालू ११.१०

बसचालकाने संमतीपत्र तीन वेळा वाचलं आणि चौथ्यांदा बायकोला मोठ्याने वाचायला लावलं. छापलेलं आणि वाचलेलं जुळतं की नाही, ते त्याला कानाने ऐकायचं होतं.

"अहो, तेच आहे सगळं," ती म्हणाली. "मधली एखादी ओळ मी गिळून टाकणार आहे का?"

त्याचा उजवा पाय घोट्याच्या वर मोडला होता. डेपोत मेकॅनिकने गाडीचा ब्रेक तपासून कागदावर सही केली होती. तरी हा स्वतः खात्री करायला गाडीखालच्या खड्ड्यात उतरला आणि तेलकट पायरीवरून घसरला. ब्रेक व्यवस्थित होता. हे शेवटचं वाक्य बायको भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला न चुकता सांगत होती.

एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याने एकही माणूस चाकाखाली येऊ दिला नव्हता, आणि त्याचं श्रेय तो सरळ उजव्या पायाला द्यायचा. पॅडल जरा भुसभुशीत लागलं तरी त्याच्या तळव्याला कळायचं. निवृत्तीला चार वर्षं होती. तीन महिन्यांनी डेपोच्या वैद्यकीय मंडळासमोर उभं राहायचं होतं. ते लोक पायाचे तळवे टोचून पाहतात, डोळे मिटायला लावून अंगठा कुठे वळवला ते विचारतात. त्यात नापास झालेल्या माणसाला तिकिटांच्या गोदामात बसवतात. गोदामात बसलेले दोघे त्याच्या ओळखीचे होते. दोघेही दुपारी गेटपाशी येऊन दुसऱ्यांच्या गाड्या बघत उभे राहायचे.

त्यामुळे भुलेच्या डॉक्टरीणबाई आदल्या दिवशी खाटेजवळ स्टूल ओढून बसल्या आणि दोन नळ्यांबद्दल बोलू लागल्या, तेव्हा त्याने आधी दाराकडे पाहिलं आणि मग त्यांच्याकडे.

पहिली नळी लघवीची. तिच्यासाठी तो भांडायच्या तयारीनेच बसला होता. शेजारच्या खाटेवर खुब्याचं हाड बसवलेले एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी सकाळीच त्याला या नळीचं साद्यंत वर्णन ऐकवलं होतं, हातवाऱ्यांसह. पण बाई म्हणाल्या की या शस्त्रक्रियेला ती नळी लागत नाही. संध्याकाळी आठपर्यंत लघवी आपली आपण झाली नाही, तरच तेवढ्यापुरती घालून लगेच काढायची. भांडणाची सगळी तयारी वाया गेली. एवढ्या सहज या का मान्य करतायत, हा नवाच प्रश्न त्याला पडला.

दुसरी नळी वेगळी होती. गुडघ्याच्या मागे एक मोठी नस असते, तिच्याजवळ शेवयीएवढी बारीक नळी ठेवायची. नळीच्या दुसऱ्या टोकाला औषध भरलेला रबरी फुगा, तो एका कठीण कवचात. फुगा आपोआप आकसत जातो आणि तासाला आठ मिलिलिटर औषध नसेपाशी पोचवतो. दुखणं बरंचसं मेंदूपर्यंत जातच नाही. तीन दिवसांनी नळी काढायची.

"पायाला कळायचं बंद होतं म्हणजे," तो म्हणाला.

"बरंचसं. तात्पुरतं."

"तात्पुरतं हे कुठे लिहिलंय?"

बाईंनी संमतीपत्रातली ओळ बोटाने दाखवली. त्या ओळीत असंही होतं की हजारांत एखाद्याला बधिरपणा काही आठवडे राहतो, आणि त्याहून क्वचित कायम. बाईंनी ते झाकलं नाही, उलट वाचून दाखवलं. मग आणखी एक गोष्ट सांगितली, ती दोनदा. पोटरीतले स्नायू न ताणणाऱ्या आवरणांत घट्ट बांधलेले असतात. हाड मोडल्यावर आत सूज वाढत गेली, तर आवरण फुगत नाही, आतला दाब वाढतो आणि स्नायूंना रक्त मिळत नाही. तसं झालं तर काही तासांत पोटरी लांब चिरून दाब मोकळा करावा लागतो. त्याची पहिली खूण म्हणजे नळी चालू असूनही अचानक वाढलेलं दुखणं. म्हणून औषध मुद्दाम सौम्य ठेवलं आहे, आणि म्हणून दुखणं वाढलं तर लपवायचं नाही.

त्याने मान डोलावली आणि सही केली. बाई गेल्यावर मास्तरांनी उशीवरून मान वळवली.

"माझ्या साडूला घातली होती असली नळी," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली. पायातली चप्पल रस्त्यात राहते, आणि हा घरी पोचतो."

बायको म्हणाली की साडूंना मधुमेह असेल. मास्तर म्हणाले, तोही आहे, पण चप्पल नळीनंतर राहायला लागली.

शस्त्रक्रिया सकाळी झाली. कमरेत इंजेक्शन दिल्याने तो जागा होता आणि पडद्यापलीकडच्या हातोडीचे ठोके मोजत होता. लघवी संध्याकाळी साडेसहाला झाली. त्याने सिस्टरना वेळ लिहून घ्यायला लावली. पाय अजिबात दुखला नाही. बायकोला त्याचं समाधान वाटलं. त्याला मात्र न दुखणं हेच चुकीचं वाटत होतं. हाडात पट्टी आणि नऊ स्क्रू ठोकलेला पाय गप्प राहतो, म्हणजे त्याचं तोंड कोणीतरी दाबून धरलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सिस्टर एक छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन आल्या. त्यांनी फुगा पिशवीतून काढला, नळीसकट काट्यावर ठेवला, आकडा तक्त्यावर लिहिला आणि फुगा परत पिशवीत ठेवून उशाजवळ अडकवला. हे काय, असं त्याने विचारलं. भुलेच्या मॅडमची पद्धत आहे, त्या फुग्याच्या नुसत्या दिसण्यावर विसंबत नाहीत, असं सिस्टर म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. औषध माणसाच्या पायात जातंय, आणि हे वजन करतायत. म्हणजे किती गेलं हे यांनाच नक्की माहीत नाही, असा अर्थ त्याने काढला.

त्याने बायकोला उठवलं. ती खुर्चीत शाल गुंडाळून झोपली होती.

"अंगठ्याला चिमटा काढ."

तिने काढला.

"काढ की."

"काढलाय," ती म्हणाली. तिच्या नखांची खूण अंगठ्यावर अर्ध्या चंद्रासारखी उमटलेली त्याने पाहिली. अंगठा हलव, असं त्याने मनातल्या मनात पायाला सांगितलं. पायाने ऐकलं नाही. प्लास्टरच्या अर्ध्या साच्यातून बाहेर डोकावणारी पाच बोटं दुसऱ्या कोणाची तरी असल्यासारखी पडून होती.

बायको तोंड धुवायला गेली. मास्तर घोरत होते. त्याने पिशवी जवळ ओढली. नळीवर फुग्यापासून वीतभर अंतरावर एक पांढरी क्लिप होती. ती दाबली की नळी चिमटली जाणार, हे समजायला डॉक्टर असायची गरज नव्हती. डेपोत पहिल्या महिन्यात शिकवतात की गाडीत काही संशयास्पद वाटलं तर आधी जवळचा कॉक बंद करायचा, मग विचारायचं. त्याने क्लिप दाबली. टक्क आवाज झाला.

डेपोत त्यापुढची पायरीही शिकवतात. बंद केलेल्या कॉकला चिठ्ठी लावायची, तिच्यावर वेळ आणि सही. ज्याने चिठ्ठी लावली त्यानेच ती काढायची, काढतानाची वेळ लिहायची आणि पाळी संपेपर्यंत खिशात ठेवायची. ड्रेसिंगच्या कडेची चिकटपट्टी सुटत आली होती. तिचा तुकडा त्याने फाडला, शब्दकोड्याच्या पेनाने त्यावर 'बंद ६.४०' लिहून सही केली आणि क्लिपखाली नळीला चिकटवला. पिशवी परत अडकवल्यावर तो कोणाला दिसत नव्हता. दिसावा असं त्याला वाटतही नव्हतं. पण चिठ्ठीवाचून कॉक बंद ठेवणं त्याच्या हाताला जमलं नसतं.

अंगठा हलेपर्यंतच, असं त्याने ठरवलं होतं.

नऊच्या सुमारास तळव्याला मुंग्या आल्या. साडेनऊला अंगठा हलला, जेमतेम, पण हलला. त्याने बायकोला पुन्हा चिमटा काढायला लावला आणि तो लागला तेव्हा इतका खूश झाला की तिने संशयाने त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. त्याच वेळी क्लिप उघडली असती तर ही गोष्ट तिथेच संपली असती. पण पाय आता कुठे परत आला होता. आणखी थोडा वेळ तो आपलाच राहू दे, असं त्याला वाटलं. दुखणं आलं तर सोसू, दुखण्याचं काय एवढं.

दहा वाजता दुखणं आलं. साडेदहापर्यंत तो दातावर दात दाबून छताकडे बघत होता. अकराला घाम फुटला. बायको कपडे पिळायला न्हाणीत गेली तेव्हा, अकरा वाजून दहा मिनिटांनी, त्याने क्लिप उघडली, चिकटपट्टी सोडवून तिच्यावर 'चालू ११.१०' लिहून पुन्हा सही केली आणि ती चष्म्याच्या डबीत आतल्या बाजूला चिकटवली. आता कमी होईल, असा त्याचा हिशोब होता. तो चुकला. तासाला आठ मिलिलिटर म्हणजे थेंब थेंब. रिकामी झालेली टाकी ठिबकाने भरायला वेळ लागतो, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

बायकोने परत येऊन त्याचा चेहरा पाहिला आणि ती सरळ सिस्टरकडे गेली. येताना ती सिस्टरलाच ऐकवत होती की काल अजिबात दुखत नव्हतं, आज एवढं कसं दुखतं, फुग्यात औषधच आहे ना, की नुसतं पाणी भरलंय. सिस्टर आधी नळीपाशी वाकल्या. त्यांनी क्लिप पाहिली. ती उघडी होती. नळी पाहिली, ती कुठे वाकलेली नव्हती. दुखणं शून्य ते दहामध्ये किती, असं विचारलं.

"नऊ," तो म्हणाला.

सिस्टरांच्या चेहऱ्यावरचा थकवा एकदम गेला. त्यांनी तिथूनच फोन लावला.

दहा मिनिटांत सर्जन आले आणि पाठोपाठ भुलेच्या बाई. सर्जन उंच, कमी बोलणारे होते. त्यांनी पोटरी दाबून पाहिली, मग पायाची बोटं वरच्या बाजूला ताणली. तो कळवळला. सर्जनांनी बाईंकडे पाहिलं.

"नळी चालू, आणि नऊ," ते म्हणाले. "मी वाट बघणार नाही. थिएटर तयार करायला सांगतो."

त्यांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं ते त्याला सगळं ऐकू आलं. पोटरी दोन्ही बाजूंनी उघडावी लागेल. जखमा काही दिवस उघड्याच ठेवाव्या लागतील, नंतर मांडीची त्वचा काढून तिथे लावावी लागेल. उशीर केला तर स्नायू जातील, पंजा लोंबता राहील. बायकोने पदराचं टोक मुठीत गच्च धरलं.

त्याला आदल्या दिवशीचं, दोनदा सांगितलेलं सगळं आठवलं. गप्प राहिलो तर चांगला पाय चिरला जाणार. बोललो तर ते कागदावर चढणार: रुग्णाने उपकरणाशी छेडछाड केली. हे कागद वैद्यकीय मंडळाकडे जातात. स्वतःच्या नळीशी खेळणाऱ्या माणसाच्या हातात पन्नास माणसांची गाडी कोण देईल. शिवाय सूज खरोखरच असली तर? आपण सांगायचं, ते थांबायचे, आणि पाय कायमचा जायचा. कुठल्या बाजूला संशय घ्यावा हेच त्याला कळेना.

सर्जन दारापर्यंत पोचले होते.

"मीच बंद केली होती," तो म्हणाला.

बायकोला आधी कळलंच नाही. बाईंना कळलं. त्या वळल्या आणि खाटेजवळ आल्या. त्याने सगळं सांगितलं, चिमट्यापासून. चष्म्याची डबी उघडून चिकटपट्टीचा तुकडा पुढे केला. बाईंनी तो वाचला, दोन्ही वेळा आणि दोन्ही सह्या.

"हे तुम्ही आत्ताही लिहिलं असेल," त्या म्हणाल्या.

"मी कशाला—"

"चिरायचं टाळायला. मी तुमच्या जागी असते तर कदाचित लिहिलं असतं." त्या बायकोकडे वळल्या. "तुम्ही पाहिलंत का यांना क्लिप बंद करताना?"

हो म्हटलं की सुटलो, हे बायकोलाही कळलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "मी तोंड धुवायला गेले होते. यांनी चिमटा काढायला लावला, एवढं खरं आहे. पण बंद करताना मी नाही पाहिलं."

त्याला तिचा राग यायला हवा होता. तो आला नाही.

बाईंनी सिस्टरना काटा आणायला सांगितलं. फुगा काट्यावर ठेवला. त्यांनी घड्याळ पाहिलं, बरोबर बारा, आणि सकाळच्या सहाचा आकडा तक्त्यावर शोधला. मग सर्जनांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण जणू स्वतःशीच, गणित मांडलं. सहा तास नळी चालू असती तर अठ्ठेचाळीस मिलिलिटर जायला हवं होतं, म्हणजे वजन साधारण तेवढेच ग्रॅम कमी. हे म्हणतात ते खरं असेल तर नळी दीडच तास चालली, म्हणजे बारा.

"किती कमी झालंय?" सर्जनांनी विचारलं.

"तेरा."

सकाळी ज्या काट्यावर त्याने संशय घेतला होता, त्याच्यावरचा आकडा त्याने मान उंचावून स्वतः वाचला. तेराच होता.

पण सर्जन परत आत येऊन उभे राहिले होते आणि त्यांचं समाधान झालेलं नव्हतं. यामुळे दुखण्याचं कारण कळतं, ते म्हणाले, पण आत सूज नाही हे त्याने सिद्ध होत नाही. बाई म्हणाल्या, बरोबर आहे. त्यांनी अर्धा तास मागितला. नळीतून तेच सौम्य औषध थोडं एकदम द्यायचं. जखमेचं आणि हाडाचं दुखणं असेल तर ते उतरेल. दाबाचं असेल तर एवढ्याशा औषधाला ते जुमानणार नाही. तोवर थिएटर तयार ठेवायचं आणि पोटरीवरचा हात काढायचा नाही. सर्जनांनी स्टूल ओढलं आणि पोटरीवर हात ठेवून बसले.

बाईंनी सिरिंजने नळीतून औषध दिलं. मग त्या त्याच्या चेहऱ्याजवळ वाकल्या.

"दर पाच मिनिटांनी आकडा विचारणार आहे. कमी सांगितलात तर सुटाल, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून आत्ताच सांगते, खोटा आकडा मला नंतर कळेल, पण तेव्हा तुमच्या पायाला त्याचा उपयोग नसेल."

पाच मिनिटांनी तो म्हणाला, नऊ. दहा मिनिटांनी, आठ. बायको त्याच्या डोक्याशी उभी होती. तिचे ओठ हलत होते, बहुधा चार म्हणा, चार म्हणा, असं ती मनात म्हणत असावी. पंधरा मिनिटांनी बाईंनी विचारलं तेव्हा सर्जनांनीही मान वर केली. चार म्हणणं अगदी जिभेवर होतं. त्याला मेकॅनिकची सही आठवली. ब्रेक न तपासता सही ठोकणारे त्याने पाहिले होते आणि त्यांच्याशी तो आयुष्यभर भांडत आला होता.

"सात," तो म्हणाला. "थोडं कमी. पण सात."

सर्जनांनी घड्याळ पाहिलं.

वीस मिनिटांनी पाच झाले. पंचवीस मिनिटांनी त्याने डोळे मिटले आणि पॅडलचा अंदाज घ्यावा तसा पायाचा अंदाज घेतला. मग म्हणाला, तीन, आणि घोट्यातच आहे, पोटरीत नाही. सर्जनांनी बोटं पुन्हा ताणली. या वेळी तो कळवळला नाही. त्यांनी पोटरी सगळीकडून चाचपली, दुसऱ्या पायाशी ताडून पाहिली, आणि उठले. दर तासाला मी येऊन हात लावणार, ते बाईंना म्हणाले. मग थिएटरला फोन करून नको म्हणून सांगितलं.

बायको खुर्चीत बसली आणि बराच वेळ तिने त्याच्याकडे पाठ केली. नंतर एवढंच म्हणाली की घरी गेल्यावर गॅसच्या नळाला, पाण्याच्या नळाला आणि तुमच्या तोंडाला, तिन्हीला चिठ्ठ्या लावायच्या आहेत.

बाई तक्त्यावर लिहीत होत्या.

"सगळं लिहिलंच पाहिजे का, मॅडम?"

"हो. वेळा, वजनं, आणि तुम्ही स्वतः सांगितलंत तेही." लिहून झाल्यावर त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा तक्त्याच्या कोपऱ्यात चिकटवला. मग नवी पट्टी कापली, उघड्या क्लिपभोवती गुंडाळली, तिच्यावर वेळ घातली आणि स्वतःची सही केली. "ही आता माझी. मीच काढणार."

त्याने सही नीट वाचली. तारीख राहिली होती, ती त्याने दाखवून दिली. बाईंनी ती घातली.

पुढचे दोन दिवस तो नळीकडे बघत राहिला, पण हात लावला नाही. अंगठा पुन्हा परका झाला होता. मास्तरांनी साडूच्या चपलेची गोष्ट नव्या तपशिलांसह पुन्हा सुरू केली, तेव्हा त्याने विचारलं की साडूची नळी रोज वजन करायचे का. मास्तरांना ते माहीत नव्हतं.

शस्त्रक्रियेला तीन दिवस झाले त्या सकाळी बाई आल्या. त्यांनी आपली पट्टी सोडवली, तिच्यावर काढल्याची वेळ लिहिली आणि मग गुडघ्यामागची नळी हलकेच ओढून काढली. टोक शाबूत आहे हे त्यांनी त्याला दाखवलं. मी दुपारी येते, त्या म्हणाल्या.

दुपारी त्या आल्या तेव्हा पाय दुखत होता, गोळ्यांनी सोसवेल इतपत. बायकोने सकाळपासून दहा वेळा चिमटे काढून चांगलं लागतंय, छान हलतंय असं सांगितलं होतं. त्याचा तिच्यावर विश्वास नव्हता. ती त्याला बरं वाटावं म्हणून काहीही सांगेल, असं तो म्हणाला. बाईंनी हातमोजा घातला आणि त्याच्या अंगठ्याखाली आपलं बोट धरलं.

"दाबा. ब्रेक समजा."

त्याने दाबलं. बाई बोटाकडे बघत थोडा वेळ थांबल्या, मग डाव्या पायाचा अंगठा दाबून पाहिला आणि पुन्हा उजवा.

"कळतंय सगळं," त्या म्हणाल्या. "पण जोर डाव्याच्या निम्मा आहे. अजून कच्चा आहे."

बायकोचा चेहरा पडला. तो मात्र उशीला टेकला आणि त्याने बाईंना सांगितलं की निम्मा असेल तर निम्मा लिहा, आणि उद्या याच वेळेला पुन्हा बघा.